डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा आहे का? कॉपीराइट कायदा नेमकं काय सांगतो?

ओटीटी ॲपवर सिनेमा सुरू आहे. एक प्रसंग आवडला, म्हणून स्टेटसला टाकण्यासाठी तुम्ही स्क्रीनशॉट घेतला. गॅलरी उघडून पाहिली, तर चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. फोन बिघडलेला नसतो. त्या सिनेमाला लावलेलं डिजिटल कुलूप आपलं काम करत असतं.

अशी कुलपं आता सगळीकडे आहेत. ई-पुस्तकं, गाणी, व्हिडिओ गेम, प्रिंटरची शाई, एवढंच काय, ट्रॅक्टरच्या इंजिनातही. ही कुलपं उघडण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सहज सापडतात. पण असं कुलूप तोडणं गुन्हा आहे का? पुस्तक आपण पैसे देऊन घेतलेलं असेल तर? दृष्टिहीन मित्राला ते वाचता यावं म्हणून तोडलं तर?

या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक देशात सारखी नाहीत. अमेरिकेचा कायदा आधी विचारतो, ‘कुलूप तोडलं का?’ भारताचा कायदा त्यापुढचा प्रश्न विचारतो, ‘कशासाठी तोडलं?’ हा फरक समजून घेतला की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

डिजिटल कुलूप म्हणजे काय?

याला तांत्रिक भाषेत डीआरएम म्हणतात, म्हणजेच डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. कल्पना सोपी आहे. सिनेमाची किंवा पुस्तकाची फाइल सांकेतिक रूपात बदलून ठेवायची. ती फाइल कुणाच्या हाती लागली तरी किल्लीशिवाय तिचा उपयोग नाही. तुम्ही प्लेचं बटण दाबलं की ॲप कंपनीच्या सर्व्हरकडे किल्ली मागतं. तुमचं सबस्क्रिप्शन सुरू आहे का, या फोनवर परवानगी आहे का, हे सर्व्हर तपासतो आणि मगच किल्ली देतो.

गूगलचं वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी या अशा तीन प्रमुख यंत्रणा आहेत. नवा फोन घेताना ‘वाइडवाइन एल-वन आहे का?’ असं अनेक जण विचारतात, ते याचमुळे. एल-वन असेल तर किल्ली आणि चित्र हाताळण्याचं काम फोनच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षित भागात होतं, म्हणून कंपन्या त्या फोनवर एचडी दर्जाचं चित्र पाठवतात. फक्त एल-थ्री असेल तर बहुतेक ठिकाणी कमी दर्जाच्या चित्रावर समाधान मानावं लागतं.

या कुलपांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचं कुलूप तुम्हाला आतच येऊ देत नाही. त्याला प्रवेश नियंत्रण म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात आत येता येतं, पण कॉपी करता येत नाही. प्रत्यक्षात एकच यंत्रणा बऱ्याचदा ही दोन्ही कामं करते.

कुलूप वेगळं, कॉपीराइट वेगळा

इथे एक गल्लत नेहमी होते. कॉपीराइट हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तर डीआरएम हे कंपनीने बसवलेलं तंत्र आहे. दोघांच्या सीमा एकच असतील असं नाही.

कॉपीराइटला मर्यादा असतात. भारतात पुस्तकावरचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं. म्हणजे ‘श्यामची आई’चा मूळ मजकूर २०११ च्या सुरुवातीपासून सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही तो छापू शकतं, वाटू शकतं. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा चित्रं मात्र नव्या कॉपीराइटखाली असू शकतात.

आता समजा, एखाद्या कंपनीने याच पुस्तकाची ई-आवृत्ती काढली आणि तिला डीआरएम लावलं. कायद्याने मूळ मजकूर खुला, पण फाइल बंद. लेखकाच्या निधनाला किती वर्षं झाली, हे कुलपाला कळत नाही.

कॉपीराइट चालू असतानाही काही गोष्टींना परवानगीची गरज नसते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्यांची यादी आहे. खासगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी उचित मर्यादेत केलेला वापर हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. पण विद्यार्थ्याला प्रबंधासाठी दोन परिच्छेद हवे आहेत की कुणाला सगळं पुस्तक टेलिग्रामवर टाकायचं आहे, हेही कुलपाला कळत नाही. ते दोघांनाही सारखंच अडवतं.

म्हणून प्रश्न उभा राहतो. कायद्याने संरक्षण कशाला द्यायचं? लेखकाच्या हक्काला की कुलपालाही?

कुलपाला कायद्याचं कवच कसं मिळालं?

१९९० च्या दशकात इंटरनेट पसरू लागलं आणि निर्मात्यांना धास्ती वाटू लागली. कॅसेटची नक्कल केली की आवाजाचा दर्जा घसरायचा. डिजिटल फाइलची हजारावी नक्कलही मूळ फाइलइतकीच चांगली असते. कंपन्यांनी कुलपं लावली, पण ती तोडणारेही होतेच. त्यामुळे तोडणाऱ्यांविरुद्ध कायदा हवा, अशी मागणी पुढे आली.

डिसेंबर १९९६ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा कॉपीराइट करार झाला. या संघटनेला वायपो म्हणतात. करारात सामील होणाऱ्या देशांनी अशा कुलपांना पुरेसं कायदेशीर संरक्षण द्यावं, असं त्याच्या ११ व्या कलमात सांगितलं आहे. ते कसं द्यायचं, हे मात्र देशांवर सोपवलं होतं.

अमेरिकेने सर्वात कडक वाट निवडली. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टवर सही केली. हाच तो डीएमसीए. यूट्यूबवरचा व्हिडिओ उडवला गेला की याचं नाव अनेकदा ऐकू येतं. पण व्हिडिओ काढून टाकण्याच्या नोटिशीची तरतूद ५१२ व्या कलमात आहे. कुलपांचा विषय १२०१ व्या कलमात येतो.

या कलमाने दोन प्रकारच्या गोष्टींवर बंदी घातली. एक, प्रवेश रोखणारं कुलूप तोडणं. दोन, कुलूप तोडण्याची साधनं बनवणं, विकणं किंवा वाटणं. आर्थिक फायद्यासाठी जाणूनबुजून केलेल्या पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सुरक्षा चाचणी, सांकेतिक लिपीचं संशोधन अशा काही कामांना सूट आहे, पण त्या सवलती अटींनी बांधलेल्या आहेत.

नॉर्वेचा मुलगा आणि डीव्हीडीचं कुलूप

या कायद्याची पहिली मोठी कसोटी डीव्हीडीवरून लागली. व्यावसायिक डीव्हीडींना सीएसएस नावाचं कुलूप असायचं. परवाना घेतलेल्या प्लेअरमध्येच ती चकती चालायची. लिनक्स वापरणाऱ्यांची पंचाईत होती. डीव्हीडी विकत घेतलेली असली तरी संगणकावर पाहायची सोय नव्हती.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये डीसीएसएस नावाचा छोटासा प्रोग्राम इंटरनेटवर आला. त्याने हे कुलूप उघडत होतं. तो बनवणाऱ्यांपैकी नाव पुढे आलेला एकच जण होता, नॉर्वेचा योन लेक योहान्सन. तेव्हा तो १५ वर्षांचा होता.

अमेरिकेत हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ‘२६००’ या हॅकर मासिकाविरुद्ध दावा लावला, कारण मासिकाने आपल्या वेबसाइटवर हा प्रोग्राम ठेवला होता. २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि २००१ साली अपील न्यायालयाने स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. प्रोग्राम वापरून कुणी प्रत्यक्षात चोरी केली का, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला नाही. साधन वाटणं हाच कायद्याचा भंग होता.

नॉर्वेत योहान्सनवर फौजदारी खटला चालला. तिथल्या न्यायालयाने प्रश्न वेगळ्या पद्धतीने पाहिला. चकती त्याने रीतसर विकत घेतली होती आणि स्वतःची चकती पाहण्यासाठी कुलूप उघडण्यात गुन्हा नाही, असं सांगत जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. सरकारी पक्षाने अपील केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

एकच प्रोग्राम, पण दोन देशांत दोन टोकांचे निकाल.

व्याख्यान दिलं आणि अटक झाली

दुसरं गाजलेलं प्रकरण दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरचं. तो मॉस्कोच्या एल्कमसॉफ्ट कंपनीत काम करायचा. अडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप काढणारं सॉफ्टवेअर या कंपनीने बनवलं होतं. रशियात ते बेकायदा नव्हतं.

जुलै २००१ मध्ये स्क्ल्यारोव्ह लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत व्याख्यान द्यायला आला. ई-पुस्तकांची सुरक्षा किती कच्ची आहे, हे त्याने तिथे सांगितलं. परत निघताना अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्याला अटक केली. संशोधकांनी आणि प्रोग्रामरनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केली. तक्रार करणाऱ्या अडोबीनेही नंतर त्याच्या सुटकेची मागणी केली. डिसेंबर २००१ मध्ये साक्ष देण्याच्या अटीवर त्याला मायदेशी जाऊ देण्यात आलं. कंपनीवरचा खटला चालला आणि डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरवलं.

निकाल काहीही लागला तरी एक भीती मागे उरली. कुलपातला दोष दाखवून देणारा संशोधकही आरोपी होऊ शकतो.

प्रिंटर, गॅरेज आणि ट्रॅक्टर

कायदा सिनेमा-पुस्तकांसाठी झाला होता. पण सॉफ्टवेअरवरही कॉपीराइट असतो आणि सॉफ्टवेअर आता प्रत्येक यंत्रात असतं. मग यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनीही १२०१ व्या कलमाचा आधार घ्यायला सुरुवात केली.

लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने आपल्या टोनरच्या डब्यात चिप बसवली होती. दुसऱ्या कंपनीच्या चिपमुळे स्वस्त डबेही चालू लागले, तेव्हा लेक्समार्क न्यायालयात गेली. चेंबरलेन या कंपनीने गॅरेजचा दरवाजा उघडणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या रिमोटविरुद्ध दावा लावला. २००४ साली अपील न्यायालयांनी दोन्ही प्रकरणांत या कंपन्यांना नकार दिला. कुलूप तोडण्याचा कॉपीराइटच्या भंगाशी काहीतरी संबंध हवा, असं चेंबरलेनच्या निकालात म्हटलं होतं. मात्र २०१० साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने असा संबंध दाखवण्याची गरज नाही, असं म्हटलं. त्यामुळे अमेरिकेतही या मुद्द्यावर न्यायालयांचं एकमत नाही.

शेतकऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड होता. आधुनिक ट्रॅक्टरचं इंजिन सॉफ्टवेअरवर चालतं. भाग बदलला तरी कंपनीच्या संगणकाने मान्यता दिल्याशिवाय काही यंत्रं सुरू होत नाहीत. ऐन हंगामात ट्रॅक्टर शेतात उभा आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहायची, अशी वेळ येऊ लागली. जॉन डिअर कंपनीने २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला कळवलं की ट्रॅक्टर शेतकऱ्याचा असला तरी त्यातलं सॉफ्टवेअर वापरण्याचा त्याला फक्त परवाना असतो.

यावर अमेरिकेच्या कायद्यात एक पळवाट नव्हे, तर अधिकृत वाट आहे. दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख ग्रंथपाल काही कामांना १२०१ मधून सूट देऊ शकतात. २०१० साली आयफोनसारख्या फोनचं जेलब्रेकिंग या यादीत आलं. २०१५ साली गाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी सूट मिळाली. २०२४ साली दुकानांतल्या खाद्यपदार्थांच्या व्यावसायिक यंत्रांनाही ती मिळाली. मॅकडॉनल्ड्समधली सतत बंद पडणारी आइस्क्रीमची यंत्रं या मागणीमागचं सर्वात चर्चेतलं उदाहरण होतं.

पण यात दोन अडचणी आहेत. पहिली, सूट तीन वर्षांचीच असते आणि प्रत्येक वेळी ती नव्याने मिळवावी लागते. मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर वापरण्यासाठी अनलॉक करण्याची सूट २०१२ साली आटोपती घेण्यात आली आणि २०१३ च्या जानेवारीनंतर घेतलेले फोन तिच्याबाहेर राहिले. एक लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे याचिका केली आणि शेवटी २०१४ साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सूट कुलूप तोडायला मिळते, तोडण्याचं साधन विकायला नाही. म्हणजे दार उघडायची परवानगी आहे, पण किल्ली बनवून विकणारा गुन्हेगार.

भारताचा कायदा काय सांगतो?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. कुलपांची तरतूद त्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली आणि २१ जून २०१२ पासून लागू झाली. वायपोच्या करारात भारत २०१८ साली सामील झाला. म्हणजे करार स्वीकारण्याआधीच भारताने आपला कायदा आपल्या पद्धतीने लिहून ठेवला होता.

कलम ६५-अ सोप्या भाषेत असं आहे. कॉपीराइट कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेलं परिणामकारक तांत्रिक कुलूप, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने जो तोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

यातले दोन शब्दसमूह फार महत्त्वाचे आहेत. कुलूप ‘कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी’ असावं लागतं. आणि तोडणाऱ्याचा ‘हक्कभंगाचा हेतू’ असावा लागतो. नुसतं तोडणं पुरेसं नाही.

याच कलमाचा दुसरा भाग आणखी स्पष्ट आहे. कायद्याने ज्या कामाला थेट मनाई केलेली नाही, त्यासाठी कुलूप तोडायला हे कलम आड येत नाही. याशिवाय रीतसर मिळवलेल्या प्रतीवर सांकेतिक लिपीचं संशोधन करणं, मालकाच्या परवानगीने संगणकाची सुरक्षा तपासणं, कायदेशीर तपास करणं आणि वापरकर्त्यावर पाळत ठेवण्यासाठी लावलेली यंत्रणा निष्प्रभ करणं, यांचाही त्यात उल्लेख आहे.

अमेरिकेसारखी साधनांवर सरसकट बंदी या कलमात नाही. मात्र एक अट आहे. कायदेशीर कामासाठी दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, ओळख पटवणारे तपशील आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

हे कलम म्हणजे मोकळं रान नाही. कॉपीराइटच्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी वेगळी शिक्षा आहे. दुसऱ्याच्या संगणकात किंवा सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा लागतो. आणि ॲप सुरू करताना ‘मला मान्य आहे’ वर बोट ठेवून तुम्ही जो करार करता, तोही आपल्या जागी राहतोच. करार मोडला म्हणून कंपनी तुमचं खातं बंद करू शकते.

दृष्टिहीन वाचकांसाठी याचा अर्थ

या कायद्यातला हेतूचा मुद्दा कुणासाठी सर्वात मोलाचा आहे, हे पाहायचं तर दृष्टिहीन वाचकांकडे पाहावं लागेल.

ई-पुस्तक हे त्यांच्यासाठी मोठं वरदान ठरू शकतं. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, किंवा मजकूर ब्रेल उपकरणावर उमटवता येतो. पण डीआरएममुळे मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचलाच नाही, तर विकत घेतलेलं पुस्तकही मुकं राहतं. २००९ साली ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तक मोठ्याने वाचण्याची सोय आली, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने आक्षेप घेतला. ॲमेझॉनने मग ही सोय बंद ठेवण्याचा अधिकार प्रकाशकांना दिला.

अमेरिकेत दृष्टिहीनांना ई-पुस्तकांच्या कुलपातून सूट मिळते, पण तीही दर तीन वर्षांनी नव्याने घ्यायची. भारतात २०१२ च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक कायमची तरतूद आली. अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक आणायला, आणि खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी ते त्यांना द्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही. ना नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थांनाही हे करता येतं. अट एवढीच की अशा प्रती अपंग व्यक्तींपर्यंतच राहाव्यात, बाजारात जाऊ नयेत.

आता कलम ५२ आणि कलम ६५-अ एकत्र वाचून पाहा. समजा, पुण्यातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने अभ्यासाचं ई-पुस्तक विकत घेतलं, पण ते स्क्रीन रीडरवर चालत नाही. तिच्या भावाने कुलूप काढून तिला वाचण्याजोगी फाइल करून दिली. हे काम कायद्याने मान्य केलेलं आहे, म्हणून त्यासाठी कुलूप तोडणंही ६५-अ च्या कचाट्यात येत नाही. भावाने नोंद मात्र ठेवावी. तीच फाइल त्याने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर चित्र पूर्ण बदलतं.

या विषयात भारताने जगातही पुढाकार घेतला. दृष्टिहीनांना पुस्तकं सहज मिळावीत यासाठी २०१३ साली मराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, तारीख होती २४ जून २०१४. कुलपांचा कायदा दृष्टिहीनांच्या आड येऊ नये, असं या कराराच्या सातव्या कलमात सांगितलं आहे. २०१६ साली भारतात सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

तरीही एक उणीव राहतेच. कायदा कुलूप तोडायची मुभा देतो, पण किल्ली देण्याची सक्ती कंपनीवर करत नाही. ज्याच्याकडे तांत्रिक ज्ञान नाही आणि मदतीला कुणी नाही, त्याच्यासाठी ही मुभा कागदावरच राहते.

साधनांचं काय? यूट्यूब-डीएलची गोष्ट

साधन दोषी की वापरणारा, हा वाद २०२० साली पुन्हा पेटला. यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ डाउनलोड करणारा मुक्त प्रोग्राम गिटहबवर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने १२०१ व्या कलमाचा आधार घेत नोटीस दिली आणि गिटहबने तो काढून टाकला.

लगेच विरोध सुरू झाला. पत्रकार पुरावे जपण्यासाठी आणि शिक्षक वर्गात दाखवण्यासाठी असे प्रोग्राम वापरतात. यूट्यूबचा व्हिडिओ कुठलाही ब्राउझर जसा मिळवतो तसाच हा प्रोग्राम मिळवतो, त्यात कुलूप तोडणं येत नाही, अशी बाजू वकिलांनी मांडली. नोव्हेंबरमध्ये गिटहबने प्रोग्राम परत ठेवला आणि अशा नोटिशींना तोंड देणाऱ्या प्रोग्रामरसाठी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

सोशल मीडिया वापरताना काय लक्षात ठेवावं?

सिनेमा किंवा वेब सिरीजचं कुलूप काढून टेलिग्राम चॅनेलवर टाकणं: इथे हेतूबद्दल शंकाच नाही. कुलूप तोडल्याबद्दल ६५-अ आणि प्रती वाटल्याबद्दल कलम ६३, दोन्ही लागू शकतात. ‘पैसे घेतले नाहीत’ हा बचाव पुरेसा नाही.

थिएटरमध्ये मोबाइलवर सिनेमा रेकॉर्ड करणं: यात डिजिटल कुलूप नसतं, पण गुन्हा आहेच. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानुसार तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. दंड तीन लाख रुपयांपासून सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव कापून तो शेअर करणं: हे बहुतेकांना माहीत नसतं. कलम ६५-ब नुसार निर्मात्याची किंवा हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हाही गुन्हा आहे. त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. फोटोग्राफरचं नाव किंवा चित्रकाराची सही क्रॉप करून फॉरवर्ड करताना हे आठवावं.

स्वतःचा फोन रूट किंवा जेलब्रेक करणं: स्वतःच्या फोनवर हवं ते ॲप चालवण्यात कॉपीराइटच्या भंगाचा हेतू नसतो. पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, सुरक्षा कमकुवत होते आणि काही बँकांची ॲप अशा फोनवर चालत नाहीत.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. कागदी पुस्तक विकत घेतलं की ते कपाटात राहतं. ते मित्राला देता येतं, रद्दीत विकता येतं, नातवंडांसाठी ठेवता येतं. कुलूपबंद ई-पुस्तकाचं तसं नसतं.

जुलै २००९ मध्ये किंडल वापरणाऱ्या काही अमेरिकी वाचकांच्या उपकरणातून दोन पुस्तकं अचानक गायब झाली. विकणाऱ्याकडे हक्क नसल्याचं कळल्यावर ॲमेझॉनने ती दूरवरून पुसून टाकली होती. पैसे परत केले, नंतर संस्थापक जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’, म्हणजे नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्या आणि जुने कागद नष्ट करणाऱ्या सत्तेची कादंबरी. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं मिटली. किल्ली देणारा सर्व्हरच बंद झाला की कुलूप कायमचं लागतं.

कुलपांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. लाखो रुपये घालून बनवलेला मराठी सिनेमा प्रदर्शनाच्या दिवशीच फुकट फिरू लागला, तर निर्मात्याचं कंबरडं मोडतं. महिन्याला ठराविक रक्कम भरून हजारो सिनेमे पाहता येतात, ही सोयही कुलपाच्या भरवशावरच उभी आहे.

भारताच्या कायद्याने या दोन्ही बाजूंमध्ये वाट काढायचा प्रयत्न केला आहे. चोराला शिक्षा आणि वाचकाला मुभा, असं त्याचं सूत्र आहे. वाचकाला ही मुभा माहीत असेल तरच तिचा उपयोग. म्हणून ई-पुस्तक, गाणं किंवा गेम ‘खरेदी’ करताना एवढं जरूर पाहा: फाइल उतरवून ठेवता येते का, दुसऱ्या उपकरणावर चालते का आणि कंपनी बंद पडली तर ती आपल्याकडे राहते का.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला घ्यावा.)